डाव्या वहाणांची फळी

लई जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा आपल्या डोंगराला अजून मिसरूड फुटायचं होतं आणि कावळ्यानं काळं व्हायचं की पांढरं हे ठरायचं होतं. पोरांनो, पुढे सरका. म्हाताऱ्यांनो, तुम्ही मागं बसलात तरी चालेल, तुम्ही तसंही निम्मंच ऐकता.

एक गाव होतं. घरं कुडाची, छपरं गवताची. दगडाचं घर म्हणाल तर अख्ख्या गावात एकच, आणि त्यात माणूस राहत नव्हता. त्यात पोथ्या राहत होत्या.

कुण्या राजाला पोथ्यांचा नाद होता, त्यानं ते बांधलं. पुढं राजा गेला, राजाचा हत्ती गेला, हत्तीचा साखळदंडसुद्धा कुणीतरी लांबवला. पोथीघर तेवढं राहिलं.

त्या पोथीघराची किल्ली एका म्हातारीकडं होती. आईबापांनी तिचं नाव काहीतरी बरं ठेवलं असणार, पण गाव तिला म्हणायचं कुलूपकाकू. कमरेला ही वीतभर लोखंडी किल्ली. किल्ली एवढी जड, की काकू त्या अंगाला कलून चालायची. लोक म्हणायचे, काकूला काढून किल्ली ठेवली तरी काम चालंल.

आता तिथला रिवाज ऐका. पोथी घरी न्यायची, तर डाव्या पायातली वहाण काकूकडं ठेवायची. पोथी आणा, वहाण न्या. एका पायात वहाण घालून माणूस किती दिवस हिंडणार? पोथी आपसूक परत यायची. गावात कुणी लंगडत दिसला की लोक विचारायचे, "काय रं, काटा मोडला का पोथी नेलीस?"

पोथीघरात एक लांबलचक फळी होती. तिच्यावर सगळ्या डाव्या वहाणा ओळीनं बसलेल्या, जेवणाच्या पंगतीसारख्या. काकू रोज त्या झाडायची, तेल लावायची, आणि उसासा टाकायची.

कारण काकू दमली होती. गुडघे दमले, डोळे दमले, "हळू बोला, हात धुऊन या, पान दुमडू नका" म्हणून म्हणून जीभसुद्धा दमली. लेक दूरच्या गावी दिलेली. काकूच्या मनात एकच होतं. किल्ली खाली ठेवायची, लेकीच्या ओसरीत आडवं व्हायचं, आणि कुणी उठवीपर्यंत उठायचं नाही.

तिनं पाटलाला तसं सांगितलं होतं. पाटील म्हणाला होता, "काकू, आता नवी पोथी कुणाला देऊ नका. दिलेल्या तेवढ्या परत येऊ द्या. ज्या दिवशी वहाणांची फळी रिकामी दिसंल, त्या दिवशी किल्ली ठेवा आणि खुशाल जावा. हा माझा शब्द."

तेव्हापासून काकू फळीकडं बघत बसायची. एक वहाण गेली की हायसं वाटायचं. फळीवर निम्म्या वहाणा उरल्या होत्या, काकूनं गाठोडंसुद्धा बांधून पोथीघराच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि नेमका तेव्हाच डोंगर पेटला.

भर उन्हाळा, भर दुपार. वारा सुटला आणि वणवा डोंगरावरून असा उतरला, जसा जावई जेवायला उतरतो. थांबतोय कशाला! गवताची छपरं म्हणजे त्याला पापडच. लोकांनी लेकरं उचलली, म्हातारी उचलली, गुरांची दावी कापली आणि पळाले. वहाणा घालायला कोण थांबतंय?

संध्याकाळी गाव नव्हतं. राख होती, आणि राखेच्या मधोमध काळंठिक्कर पडलेलं पोथीघर होतं. दगडाला आग काय करणार? चाटली आणि पुढं गेली.

मग लोक आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण सावली तिथंच होती, पाण्याचा रांजण तिथंच होता. आणि ज्याला त्याला वाटलं, आपलं हरवलेलं माणूस आलं तर तिथंच येईल, कारण गावात ओळखू येण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

पोथीघराचा ओटा माणसांनी भरला. काकू दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली. पाठीमागं कुलूप, कमरेला किल्ली.

"काकू, आमचं मालक इकडं दिसलं का?" बयजा तेलीण विचारायची. तिचा म्हातारा तेली बैल सोडवायला गेला होता, तो आलाच नव्हता.

"न्हाई गं बाई."

घटकाभरानं पुन्हा, "काकू, आमचं मालक?"

"न्हाई गं."

कुणी भावाचं विचारी, कुणी शेळीचं. कुणी पाणी मागे. कुणी काहीच मागत नसे, नुसतं जवळ येऊन बसे. ते तर सगळ्यात जड. काकू सगळ्यांना उत्तरं देत होती आणि मनात म्हणत होती, देवा, काकू कुठं आहे असंही कुणीतरी विचारावं की.

सकाळी रांजणानं तळ दाखवला.

ओट्याच्या कोपऱ्यात राही कुंभारीण बसली होती, मांडीवर तान्हं. लेकरू आधी रडलं, मग कुरकुरलं, मग गप झालं. रडणाऱ्या लेकराचं काही नाही हो, गप झालेल्याची भीती वाटते.

पाणी होतं. गावाच्या पल्याड पायऱ्यांची बारव होती, तुडुंब. पण मधे सगळा फुफाटा. वरून थंड, करडी, मऊ राख, आणि खाली निखारा दबा धरून बसलेला. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ना, ते हेच. दोघं-तिघं अनवाणी निघाले आणि दहा पावलांत बोंबलत माघारी आले.

तेव्हा बयजानं तोंड उघडलं. "काकू, आत फळीवर वहाणा हायेत. आमच्याच हायेत. द्या की."

सगळ्यांच्या माना काकूकडं वळल्या.

काकू म्हणाली, "पोथी आणा, वहाण न्या."

"पोथी जळली वो!" मागून कुणीतरी ओरडलं. "घर जळलं, त्यात पोथी जळली."

"मग वहाण कशी देऊ? आज दिली तर उद्या पोथीचा जाब कुणाला इचारू?"

"कसला जाब?" राही म्हणाली. लेकराच्या ओठावर ती ओलं बोट फिरवत होती, पण बोटसुद्धा कोरडं पडलं होतं. "म्या ती पोथी लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली व्हती, काकू. पोरगं झोपंना तवा रोज वाचायची. माज्या घरात तिच्याएवढी जपलेली वस्तू न्हवती."

काकूला ते कळत होतं. पण माणूस दमला ना, की त्याला विचार करायचा कंटाळा येतो, आणि मग तो नियमाला टेकून बसतो. नियम म्हणजे भिंतीसारखा. टेकायला बरा असतो. भिंतीच्या पल्याड काय चाललंय ते दिसत नाही एवढंच.

"माझा नाइलाज हाय," काकू म्हणाली आणि किल्लीवर हात ठेवला.

ओट्याच्या टोकाला गेनबा बसला होता. शेळ्या राखणारा म्हातारा. अंगावर फक्त लंगोट, तोंडात फक्त दोन दात, आणि दोन्ही दात दुसऱ्याला हसायला ठेवलेले. अख्ख्या गावाची मस्करी करून झाली म्हणून शेळ्यांची करायचा. तो उठला. काकूची तांब्याची कळशी त्यानं उचलली.

"गेनबा, कुठं?"

"बारवंवर. आंघूळ ऱ्हायलीय माजी."

"आरं, पाय भाजतील!"

"भाजू द्या. कच्चंच हायेत अजून."

आणि म्हातारा निघाला. आधी ऐटीत निघाला. मग उड्या मारत, मग कोंबडा नाचतो तसा, मग ओरडत, आणि मधूनच आमच्यासारख्यांच्या कानाला न सोसणाऱ्या शिव्या देत. लोक बघत राहिले. राखेचा लोट उठला आणि त्यात गेनबा दिसेनासा झाला.

तो परत आला तेव्हा कळशीत अर्धंच पाणी होतं, बाकी नाचण्यात सांडलं होतं. ते त्यानं राहीपुढं ठेवलं. राहीनं पदराचं टोक बुडवून लेकराच्या तोंडात पिळलं. लेकरू चोखायला लागलं आणि मग ठणाणा रडलं. अख्खा ओटा त्या रडण्यानं हसला.

गेनबा उंबऱ्यापाशी धपकन बसला. त्याच्या डोक्यावर चुंबळीसारखं काहीतरी होतं. त्यानं ते काढून काकूच्या मांडीत टाकलं.

ती पोथी होती. धड, कोरी, लाल फडक्यात गुंडाळलेली.

"घ्या तुमची पोथी. आणा माजी वहाण."

काकू बघतच राहिली. "ही कशी वाचली रं?"

"बारवंच्या कोनाड्यात व्हती. म्या दुपारचा तिथं गारव्याला निजतो. उशाला घ्यायला बरी पडायची."

"आणि वाचलीस का?"

"फडक्याची गाठसुद्धा सोडली न्हाई, काकू. गाठ मानेखाली झ्याक बसती."

काकूनं गाठ बघितली. तिनंच मारलेली होती, तशीच्या तशी.

आता नियम म्हणजे नियम. पोथी आली, वहाण द्यायलाच हवी. काकूनं कुलूप काढलं, आत गेली, फळीवरून गेनबाची वहाण घेऊन आली. चांगली करकरीत वहाण, वर लाल गोंडा.

गेनबानं वहाण हातात घेतली आणि पायाशी नेली. तेव्हा काकूला त्याचे तळपाय दिसले.

पाय कसले हो. वांगी भाजून सोललेली असतात ना, तसे. वहाण घालायला त्यात जागाच नव्हती.

काकू त्याच्या पायांशी खाली बसली. तिनं गेनबाकडं बघितलं, मग राहीकडं. ज्या बाईनं पोथी लुगड्यात जपली, लेकराला वाचून दाखवली, तिला वहाण नाही. ज्यानं उशाला घेतली, त्याला वहाण. आणि त्याला ती घालायला पाय नाहीत.

"गेनबा," काकू म्हणाली, "माझ्या नेमानं आज निवाडा केला बघ. असला निवाडा गाढवानंसुद्धा केला नसता."

"गाढवाला मधी आणू नका, काकू. त्ये बिचारं किल्ली वागवत न्हाई."

काकू उठली. गुडघे कटाकटा वाजले. तिनं दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, फळीवरच्या सगळ्या वहाणा पदरात भरल्या आणि ओट्यावर ओतल्या.

"घ्या. ज्याची त्यानं घ्या. पोथीचं माझं मी बघंन."

हे बोलताना तिची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्याकडं गेली. कारण पोथ्या तर आता येणार नव्हत्या. म्हणजे ते काम पुरं व्हायचं नव्हतं, म्हणजे किल्ली सुटायची नव्हती, म्हणजे लेकीची ओसरी गेली. जाऊ दे, काकू मनात म्हणाली. इतकं दमल्यावर आणखी थोडं दमायला काय लागतंय?

लोक वहाणांवर तुटून पडले. ज्यानं त्यानं आपापली शोधली, पायात घातली, आणि मग सगळे तिथंच उभे. कारण सगळ्या डाव्या! उजव्या घरी होत्या, त्यांची राख झाली होती. अख्खं गाव एका पायावर उभं, बगळ्यांची सभा भरल्यासारखं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. आग लागल्यापासून मोठी माणसं पहिल्यांदाच पोट धरून हसली.

"हसता काय?" गेनबा म्हणाला. "डावी उजव्या पायात गेली तर चावंल, पर मारायची न्हाई. दोगांनी मिळून एक जोड करा. एकानं दोन घराचं पाणी आणा."

दोघांत एक जोड. मग शेजारी शेजाऱ्याला शोधायला लागला. होता होता उरल्या दोघी, बयजा तेलीण आणि राही कुंभारीण. दोघींत कोंबड्यावरून भांडण झालं होतं. कोंबडा म्हातारा होऊन मेला, भांडण अजून तरणंताठं होतं. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत नव्हत्या, पायाकडं तेवढ्या बघत होत्या.

शेवटी बयजानं पायातली लाल गोंड्याची वहाण काढली, गेनबानं तिला दिलेली, आणि राहीकडं सरकवली. तोंड दुसरीकडं करून म्हणाली, "लेकरू हितं दे. आणि सांडू नको पाणी, येंधळी हाईस तू."

राहीनं लेकरू दिलं, दोन्ही डाव्या घातल्या आणि निघाली. जाताना काकूनं तिच्या खांद्यावर पोथ्यांची दोन-चार लाल फडकी टाकली. "भिजवून आण. गेनबाच्या पायाला बांधू."

राहीला यायला उशीर झाला. बयजा लेकरू हलवत बसली होती आणि सवयीनं विचारत होती, "काकू, आमचं मालक?" काकू सवयीनं म्हणत होती, "न्हाई गं."

मग राखेतून राही येताना दिसली. डोक्यावर कळशी. आणि तिच्यामागं, दोन्ही पायांना ओली लाल फडकी बांधून, बदकासारखा फताक फताक चालत, बयजाचा म्हातारा तेली. बैलाला घेऊन तो बारवेच्याही पुढं पोचला होता, म्हणून धुरात गेनबाला दिसला नव्हता, पण बैल पुढं पळाला आणि हा तिथंच अडकला. पोथीघर त्याला पल्याडून दिसत होतं. यायला पाय होते, पण पायात काही नव्हतं.

बयजा लेकरू घेऊन उठली. नवऱ्याला बघितलं, राहीला बघितलं. मग लेकरू परत देताना म्हणाली, "तुज्या कोंबड्याचा काय दोष न्हवता गं. म्याच दाणं उघड्यावर टाकलं व्हतं."

त्यानंतर पोथीघराला दार असं राहिलंच नाही. पोथ्यांची लाल फडकी पायांना गेली, एकाची झोळी झाली, तिच्यात राहीचं लेकरू झोपलं. हरवलेला माणूस आला की तिथंच येई आणि शोधणाराही तिथंच येई. पोरांना जळकं गाव दिसू नये म्हणून त्यांची तोंडं भिंतीकडं करून बसवायचे आणि पोथी वाचायचे. ज्यांच्या घरी पोथ्या जळल्या होत्या, ते आठवतील तशा सांगायचे. गेनबासुद्धा आपली पोथी सांगायचा. गाठ न सोडताच. ती सगळ्यात रंगायची.

आणि काकू? काकू दमलेलीच होती. दिवसभर उत्तरं, दिवसभर पाणी, कुणाला धीर, कुणाला दटावणं. मधेच ती रिकाम्या फळीकडं बघायची आणि तोंड फिरवायची.

मग पाटील आला. तो सासुरवाडीला लग्नाला गेला होता, म्हणून वाचला. घोड्यावरून उतरला आणि ओट्याकडं बघत राहिला. पोथीघरात चूल, पोथीघरात झोळी, पोथीघरात शेळी! आणि बयजाच्या पायात लाल गोंड्याची वहाण.

"ए! ही माझी! देवळाच्या पायरीवरून चोरीला गेली व्हती!"

गेनबानं फडक्यात बांधलेले पाय पोटाशी घेतले. "चोरीला न्हाई पाटील, वाचायला गेली व्हती. माजी वहाण ठेवायची म्हटलं, तर माज्याकडं व्हती कुठं वहाण? म्हणलं, पाटलाची ठेवावी, गावात त्यांचं नाव हाय."

पाटील लाल झाला. पण ओट्यावरची सगळी माणसं खदखदा हसायला लागली, आणि इतक्या काजळलेल्या तोंडांवर एवढं हसू बघून त्याला रागावता येईना. त्यानं आत डोकावलं. लांबलचक फळी रिकामी होती.

"काकू," तो हळू म्हणाला, "माझा शब्द व्हता. फळी रिकामी दिसली की तुम्ही मोकळ्या."

"पर पोथ्या न्हाई आल्या, पाटील."

"म्या पोथ्या म्हणालोच न्हवतो. म्या फळी म्हणालो."

काकूनं किल्ली सोडली. कमरेवरचा भार गेला, तशी ती दुसऱ्याच अंगाला कलली. सवय नव्हती ना! किल्ली ठेवायची कुणाकडं? कुलूप कुठं पडलं होतं तेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी राहीनं ती मीठ कुटायला घेतली.

काकूनं गाठोडं उचललं. तिच्या स्वतःच्या वहाणा वणव्यात झोपडीबरोबर जळाल्या होत्या. बयजानं आणि राहीनं आपला जोड तिच्या पायापुढं ठेवला. दोन्ही डाव्या, एकीवर लाल गोंडा.

पाटलानं गोंड्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

"काकू," गेनबा म्हणाला, "दोन डाव्या घालून माणूस सरळ जात न्हाई. वळतो. कितीबी लांब गेलात तरी फिरून हितंच येणार तुम्ही."

"चल, चावट मेल्या," काकू म्हणाली आणि निघाली.

लेकीच्या ओसरीत ती आडवी झाली. लेकीनं चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली, काकू उठली नाही. आयुष्याची झोप होती ती. आणि पावसाच्या तोंडाला, गावात नवी छपरं शाकारत असताना, लोकांनी बघितलं तर वाटेनं एक म्हातारी येत होती, एका अंगाला कलून, फताक फताक.

"ह्या वहाणांचं बघा की," ती म्हणाली, "मी आपली सरळच चालले व्हते."

त्या गावात पुन्हा कुणी पोथीसाठी वहाण मागितली नाही. फळी मात्र आजही भरलेली असते. जाता-येता लोक तिच्यावर आपल्या जुन्या वहाणा ठेवून जातात, डाव्या-उजव्या दोन्ही. कधी कुणावर अनवाणी यायची पाळी आली, तर त्याला विचारावं लागू नये म्हणून.

तर लहानांनो, थोरांनो, गाठीला बांधा: पोथी माणसासाठी जपायची असते; दारात माणूस पोळत असताना जो नुसतं कुलूप जपतो, त्याच्या हाती शेवटी कुलूपच उरतं.